ताई, तुमचे ग्राफ पेपरचे चार तुकडे अजून माझ्या बॅगेत आहेत

ताई, नमस्कार.

हे फोनवर पाठवलं असतं तर तुम्ही नेहमीसारखा एक अंगठा पाठवून मोकळ्या झाल्या असतात, म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. आता वाचावंच लागेल. आणि जे मला फुकटात शिकायला मिळालं ते अजून चार जणांच्या कामाला आलं तर बरंच आहे, कारण पक्षी आणि डोंगर काढायला मोठा जड कॅमेराच लागतो या ज्या खड्ड्यात मी पडलो होतो त्यात रोज कोणी ना कोणी पडतच असतं.

पहिली भेट आठवते ना? मी तळ्यावर धापा टाकत आलो, पाठीवर बॅग, खांद्यावर ट्रायपॉड आणि त्यावर तो भला मोठा गिंबल हेड. पाय उघडले, लेव्हल केलं, लेन्स बसवली, हूड उलटा होता तो सुलटा केला, आणि वर बघतो तर फांदीवरचा खंड्या गायब. तुम्ही शेजारी जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, मांडीवर एवढासा कॅमेरा, आणि मी काय विचारावं? "ताई, एवढ्याशा कॅमेऱ्यात काय येतं?" आत्ता लिहितानाही कान गरम झाले. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त मागची स्क्रीन माझ्याकडे फिरवलीत. खंड्या. चोचीत मासा. माशाचा डोळासुद्धा दिसत होता.

त्या दिवसापासून मी तुमच्या मागे लागलो की मला पण हेच घ्यायचंय, कुठलं घेऊ सांगा, आज ऑर्डर करतो. दुसरं कोणी असतं तर दोन मॉडेलची नावं सांगून सुटलं असतं. तुम्ही म्हणालात, आधी दोन कामं कर. बॅग वजनकाट्यावर ठेव आणि तुझे गेल्या आठ महिन्यांचे सगळे फोटो फोकल लेन्थप्रमाणे (लेन्स किती एमएमवर होती त्याप्रमाणे) लाव.

बॅग भरली साडेआठ किलो, ट्रायपॉडसकट. मला वाटलं होतं पाचेक असेल.

फोटोंचं मी मोठ्या उत्साहात केलं, एक्झिफ (कॅमेरा प्रत्येक फोटोत नोंदवतो ती माहिती) वाचून तक्ताच बनवला. लँडस्केपचे बहुतेक फोटो २४ ते ३५ एमएममध्ये, थोडे ८०-१००च्या आसपास, आणि पक्षी-प्राणी जवळजवळ सगळे ६००वर, म्हणजे मधलं २०० ते ५०० नुसतंच ओझं. हे शहाणपण घेऊन तुमच्याकडे आलो तर तुम्ही म्हणालात, हे ठीक आहे पण तारखा बघितल्यास का? नव्हत्या बघितल्या. आठ महिन्यांत मी फक्त ११ दिवस कॅमेरा बाहेर काढला होता! बाकीचे दिवस बॅग कपाटात आणि मी यूट्यूबवर लेन्सचे रिव्ह्यू बघत. खरं सांगतो ताई, मला तोवर वाटायचं वेळ मिळत नाही. वेळ होता, ती बॅग उचलायची इच्छा होत नव्हती.

आणि मग ते ग्राफ पेपर. हे जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या डोक्यातला सगळा गुंता तिथे सुटला. तुम्ही मिलिमीटरच्या ग्राफ पेपरवर चार प्रकारच्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरएवढे (आतली ज्या चिपवर फोटो पडतो ती) चार चौकोन आखलेत आणि कात्रीने कापलेत. पहिला ३६ बाय २४, फुल फ्रेम. दुसरा १७.३ बाय १३, मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा. तिसरा १३.२ बाय ८.८, ज्याला एक इंच सेन्सर म्हणतात आणि ज्याची कुठलीच बाजू एक इंच नसते (हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा भेटायचंय). चौथा ६.१७ बाय ४.५५, बहुतेक सुपरझूमवाल्यांचा (खूप लांबचं ओढणारी एकच लेन्स कायमची बसवलेले कॅमेरे). एकावर एक ठेवून म्हणालात, चौकटी मोज. ८६४, साधारण २२५, साधारण ११६ आणि शेवटी २८. तो शेवटचा तुकडा माझ्या करंगळीच्या नखाखाली लपला.

त्याच्या आधी मी त्या ३००० एमएमच्या सुपरझूमवर जवळजवळ फिदा होतो, निकॉन पी१०००, २०१८ला आलेला. तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत, चंद्रासाठी धमाल आहे म्हणालात, पण हे ३००० म्हणजे फुल फ्रेमच्या हिशोबातलं, खरी लेन्स तेवढी लांब नाहीच, आणि फोटो पडणार या २८ चौकटींवर, वर वजन १.४ किलो. मला कॉम्पॅक्ट म्हणजे लेन्स न बदलता येणारा असं वाटायचं, तो गैरसमजही तिथेच गेला. एक इंचवाल्यांत तुम्ही सोनीच्या आरएक्स१० मार्क ४ चं नाव घेतलंत, २०१७चा, २४ ते ६०० समतुल्य आणि एफ/२.४ ते ४ (हा एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), लेन्स बदलायची कटकट नको असेल त्याच्यासाठी अजूनही झकास. पण तोही किलोच्या वर जातो.

मग तो भागाकार. तुम्ही म्हणालात, लोकांना वाटतं लहान कॅमेरा लहान असतो तो आतला आरसा (जुन्या कॅमेऱ्यांत दृश्य डोळ्यापर्यंत नेणारा) काढल्यामुळे. २००८ला ओलिंपस आणि पॅनासॉनिकने मायक्रो फोर थर्ड्स आणलं तेव्हा आरसा काढला, बॉडी पातळ झाली, ते खरंच आहे. पण आता फुल फ्रेममध्येही आरसा नाही, तरी तिथली लांब लेन्स काही लहान झाली नाही. का? लेन्सचे एमएम भागिले तिचा एफचा आकडा, ६०० भागिले ६.३ कर. ९५. म्हणजे पुढची काच कमीत कमी ९५ एमएमची पाहिजेच, त्यातून सुटका नाही. आता माझ्या मायक्रो फोर थर्ड्सच्या लेन्सचे ३०० भागिले ६.७ कर. ४५. दृश्य तेवढंच दिसतं, कारण सेन्सर लहान असल्याने ३०० तिथे ६००सारखं वागतं, पण काच निम्म्याहून लहान. माझी जुनी लेन्स जवळपास दोन किलोची होती, तुमची ७५-३०० फक्त ४२३ ग्रॅमची, आणि हे जादूने झालेलं नाही. ४५ एमएमच्या काचेतून प्रकाश कमी येतो, एवढंच.

मला सगळ्यात जास्त हे आवडलं की तुम्ही ते लपवलं नाहीत. ज्याने नवीन सिस्टिम घेतलेली असते तो सहसा तिचा प्रचारक होतो, तुम्ही उलट मला घाबरवत होतात. संध्याकाळी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००ला तुझ्या जुन्या फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या ८०० पेक्षा बरं दिसेल अशी आशा ठेवू नकोस म्हणालात. मागचा भाग तेवढा मऊ धूसर होणार नाही, एफ/६.७ला इथे फुल फ्रेमच्या एफ/१३सारखी खोली येते. उडते पक्षी पकडायचे असतील तर माझी बॉडी जुनी आहे, फोकस मागे पडतो, तिथे ओएम-१सारखी स्टॅक्ड (फार वेगाने वाचला जाणाऱ्या) सेन्सरवाली बघ, २०२२ची. आणि फुल फ्रेम सोडायचंच नसेल तर कॅननची ८०० एमएम एफ/११ लेन्स आहे, १२६० ग्रॅम, तिथेही हलकेपणाची किंमत प्रकाशातच मोजायची. मी म्हटलं ताई, तुम्ही घ्यायला सांगताय का नको म्हणताय? तुम्ही म्हणालात, तीन आठवडे माझा सेट घेऊन जा, मग तूच सांग.

स्वतःचा कॅमेरा तीन आठवडे दुसऱ्याला कोण देतं हो! माझ्या सख्ख्या भावाने मला तीन तास दिला नसता. बॉडी ४१४ ग्रॅम, १२-४५ एफ/४ ती २५४, आणि ७५-३०० ती ४२३. बेरीज १०९१ ग्रॅम, सगळं मिळून. मी घरी येऊन परत वजन केलं, विश्वास बसेना. त्या तीन आठवड्यांत मी १६ दिवस बाहेर गेलो.

आता जे चुकलं ते पण लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल नुसती बॅग हलकी केली आणि फोटो सुधारले. पहिला आठवडा तर भयानक होता. लँडस्केप म्हणजे एफ/१६ हे माझ्या बोटांत बसलेलं, डोंगराचे सगळे फोटो एफ/१६ला आणि सगळे साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखे धूसर. तुम्ही एकच खडक एफ/५.६ पासून २२ पर्यंत काढून आणायला सांगितलात, ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर लावून. शंभर टक्के झूम करून बघितलं तर ५.६ आणि ८ला दगडावरच्या शेवाळाचे कण मोजता येत होते, ११ला जरा मऊ, १६ला गेलंच. डिफ्रॅक्शन (लेन्सचं भोक फार लहान केलं की प्रकाश पसरून फोटो मऊ होतो ते) हा शब्द मी दहा वेळा वाचला होता पण त्या शेवाळाने समजावला. आणि एफ/१६ची गरजच नव्हती, १२ एमएमला एफ/८वर साधारण सव्वा मीटरवर फोकस ठेवला की साठेक सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट येतं. हे मी आता मापून करतो, माझ्या दोन पावलांना दीड मीटर, त्याच्या थोडं अलीकडे.

लँडस्केपसाठी खरं तर लहान सेन्सरचा तोटा फारच कमी जाणवला, हे मला अपेक्षित नव्हतं. आयएसओ २००, कॅमेरा स्थिर, उजेड कमी असला तर शटर लांब ठेवायचा. आकाश पांढरं पडत असेल तर तीन एक्स्पोजर. आणि लांब लेन्सने डोंगर काढायची तुमची सवय मी उचलली, १००-१५० एमएमला एकामागे एक रांगा अशा चिकटून येतात की वाइड लेन्स नुसती पडून राहते. वाइडवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावून मी आकाशाच्या मध्यभागी गडद निळा पट्टा आणला होता तो फोटो कृपया विसरा.

मग ती लेन्स खराब असल्याची भानगड. मी तुम्हाला रात्री दहाला मेसेज केला होता की ताई माफ करा, बहुतेक लेन्स कुठेतरी आपटली माझ्याकडून, सगळं सॉफ्ट येतंय. झोप लागली नाही मला त्या रात्री. तुम्ही विचारलंत, फोटो किती वाजताचे आहेत? साडेअकरा. किती लांबचे? पाण्यापलीकडचे, शंभरेक मीटर. तुम्ही म्हणालात, पलीकडे एखादं वठलेलं खोड असेल तर उद्या त्याचा साडेसहाला एक फोटो काढ आणि साडेअकराला एक, त्याच जागेवरून. काढले. शेजारी शेजारी ठेवले. सकाळच्या खोडावर साल सुटलेली दिसत होती, भेगा दिसत होत्या, आणि दुपारचं खोड म्हणजे कोणीतरी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं. लेन्स तीच! हवा तापली की थरथरते आणि जितकी लांबची हवा तितकी जास्त, त्यावर ना महाग काच चालते ना मेगापिक्सेल. माझा जीव भांड्यात पडला. आणि मनात आलं की जुन्या लेन्सलाही मी वर्षभर याच कारणाने शिव्या घालत होतो. तिला पण सॉरी म्हणायला पाहिजे.

शटरचं एका ओळीत सांगतो, कारण मी एकटाच या चुकीत नाही. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन माझा हात धरतं, पक्ष्याची मान नाही. अर्ध्या सेकंदाला हातात धरून झरा काढता आला म्हणून मी १/६०ला बगळा काढायला गेलो. बसलेल्याला आता १/५००, उडणाऱ्याला १/२०००, आयएसओ ऑटो, आणि नॉइज (फोटोतले दाणे) आलाच तर घरी बघू, लाइटरूममध्ये २०२३ला आलेलं एआय डिनॉइज तुमच्या त्या ३२००च्या धमकीतली बरीच हवा काढून घेतं. पांढऱ्या बगळ्याला एक्स्पोजर थोडं उणं, नाहीतर पिसांच्या जागी नुसता पांढरा कागद.

खंड्यासाठी तुम्ही प्रो कॅप्चर दाखवलंत, बटण अर्धं दाबून ठेवायचं, कॅमेरा आतल्या आत फ्रेम भरत राहतो, पूर्ण दाबलं की आधीच्या काही फ्रेमसुद्धा कार्डवर येतात. म्हणजे सूर मारल्यावर दाबलं तरी सूर मारायच्या आधीचा क्षण हातात. मला ही चक्क फसवणूक वाटली पहिल्यांदा, तुम्ही हसलात आणि म्हणालात फांदीवर तो कधी येईल हे कॅमेरा सांगत नाही ना, त्यासाठी दोन तास बसलायस तूच.

त्याच दिवशी तुम्ही कागदाच्या मागे हिशोब केला होता. खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत १६-१७ सेंटिमीटर. ३०० एमएमने दहा मीटरवरून सेन्सरवर तो ५ एमएमचा पडतो, म्हणजे साधारण १५०० पिक्सेल. वीस मीटरवर ७५०. अंतर निम्मं झालं तर ६००ची लेन्स घेतल्यासारखंच आहे, वजन शून्य. मला हे इतकं पटलं की मी तेच करायला लागलो, जवळ जायला. आणि इथेच ती गोष्ट घडली जी लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मी तुम्हाला घरट्याचा फोटो पाठवला होता. तीन पिल्लं, चोची उघड्या, उजेड सुंदर. कॅमेरा लहान म्हणून झुडपात शिरता आलं होतं, मला वाटलं आता तरी अंगठ्याच्या पुढे काहीतरी येईल. तुमचा फोन आला. आवाज चढला नव्हता. फक्त विचारलंत, आई किती वेळ आली नाही? मी म्हटलं लक्ष नव्हतं. तुम्ही म्हणालात, एक्झिफ बघ. पहिला फोटो ७:१२, शेवटचा ७:४९. सदतीस मिनिटं मी तिथे उभा होतो आणि एकाही फ्रेममध्ये मोठा पक्षी नव्हता. चोची उघड्या होत्या त्या फोटोसाठी नव्हत्या, भुकेच्या होत्या. तुम्ही एवढंच म्हणालात की मी अंतर निम्मं कर म्हटलं होतं, पण चालून नाही, बसून. तो येऊ दे. मी ते सगळे फोटो डिलीट केले, तुम्ही सांगितलं नव्हतं तरी. पिल्लांचं पुढे काय झालं मला माहीत नाही कारण मी परत तिकडे फिरकलो नाही, ते बरोबर की चूक हेही कळत नाही.

त्यानंतर मी बसायला शिकलो. खरंच, आता पहिली वीस मिनिटं कॅमेरा मांडीवरच असतो. हलका असल्याचा हा फायदा कुठल्याच रिव्ह्यूत सांगत नाहीत, दोन किलोची लेन्स घेऊन माणूस जमिनीवर बसून वाट बघू शकत नाही, पाय आखडतात, हात भरून येतो, मग चुळबुळ, मग पक्षी उडतो. आणि डोळ्याच्या पातळीवर कॅमेरा आणायला मला आता पालथं पडावं लागत नाही, स्क्रीन उघडून कॅमेरा गवताला टेकवला की झालं.

शेवटी मी काय घेतलं हे तुम्हाला माहीत आहेच, तुमच्यासारखाच सेट पण बॉडी सेकंडहँड, आणि उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी (दोन पाहिजेत, यावर तुमचं-माझं एकमत आहे) आणि एक झिपवाली पिशवी. ती पिशवी तुमचीच आयडिया, गार एसीतून दमट हवेत येताना कॅमेरा त्यात बंद ठेवायचा, बाहेरच्याइतका गरम झाला की मगच काढायचा. त्याआधी एकदा धुक्यात नहाल्यासारखी काच घेऊन मी सूर्योदय बघितलाय, फक्त बघितला, काढता आला नाही. जुनी मोठी लेन्स मात्र विकली नाही. तुम्ही म्हणाला होतात विकून टाक, इथे माझं ऐका, गाडी अगदी पाण्यापर्यंत जाते अशा जागी संध्याकाळच्या उजेडात ती अजूनही बाजी मारते आणि मला ती आवडते, बस.

परवा तळ्यावर एक मुलगा आला होता, पाठीवर ही एवढी बॅग. माझ्या कॅमेऱ्याकडे बघून त्याने काय विचारलं असेल ओळखा. मी बॅगेतून ते चार तुकडे काढले, कडा आता मळून गोल झाल्यात, सगळ्यात छोटा दोनदा हरवून परत सापडलाय. त्याच्या हातात दिले आणि म्हटलं चौकटी मोज. मोजत बसला बिचारा, आणि तेवढ्यात खंड्या आला.

तो फोटो सोबत पाठवतोय. मासा नाहीये, नुसता बसलाय, अंतर बारा मीटर, मी जागेवरून हललो नाही. क्रॉप केलेला नाही आणि एक्झिफही काढलेला नाही, वेळ, शटर, सगळं आत आहे. नीट बघा आणि काही चुकलं असेल तर फोन करा. अंगठा चालणार नाही.

तुमचा,
साडेआठ किलोवाला